कावळ्याला विचारलं, तिला नाही

आबांचा दहावा पौडच्या पुढे मुळा नदीच्या काठावर झाला. पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग नेहमीसारखं सुरू झालं. कुणी म्हणालं, नातीच्या लग्नाचं मनात असेल. कुणी म्हणालं, देवळाचं राहिलंय. शेवटी काका पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "आबा, रस्त्याकडचा तुकडा विकणार नाही." दोन मिनिटांत कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

हिंजवडीपासून पुढे मुळशीत जमिनीचे भाव कुठे गेलेत ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आबांच्या मनात जमीनच असणार हे आम्हालाही पटलं. आजी तेव्हा घरी होती. तिच्या मनात काय आहे, हे कुणीच विचारलं नाही. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते काही महिन्यांनी, 'काकस्पर्श' पाहताना.

महेश मांजरेकरांचा हा सिनेमा 2012 सालचा. मूळ कथा उषा दातार यांची. काळ साधारण 1930 ते 1950, घर कोकणातल्या दामल्यांचं. संसार सुरू होण्याआधीच उमाचा नवरा महादेव मरतो. दहाव्याला कावळा शिवत नाही. तेव्हा थोरला भाऊ हरी पुढे होऊन पुटपुटत काहीतरी वचन देतो आणि कावळा शिवतो. पुढे हाच हरी गावाशी भांडतो आणि उमाचं केशवपन होऊ देत नाही. आपल्याला तो सुधारक वाटतो, आणि आहेच. पण त्यानं पिंडापाशी दिलेलं वचन असतं ते असं: तुझ्या बायकोला दुसऱ्या पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही.

म्हणजे मेलेल्या माणसाच्या शांतीसाठी जिवंत मुलीचं पुढचं सगळं आयुष्य देऊन टाकलेलं असतं. तिला न विचारता, न सांगता. उमाला ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सिनेमात आणखी एक मरण आहे. हरीची बायको तारा आजारी पडून जाते. जाण्याआधी तीच हरीला सांगते, उमाशी लग्न करा. एकाच घरात एक विधवा आहे आणि एक विधुर. नवरा गेला की बाईचं काय काय काढून घ्यायचं यावर अख्खा गाव बोलतो. बायको गेली की त्या माणसाचं पुढे कसं होणार, याची चिंता मरणारी बायकोच करते.

ही तफावत सिनेमानं रचलेली नाही. 1891 मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी राधाबाई वारली. कर्वे त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. वय तेहतीस. त्या काळी अशा विधुरासमोर एकच वाट ठेवली जाई: दहा-बारा वर्षांची मुलगी बघा. कर्व्यांनी ती नाकारली आणि 1893 मध्ये मित्राची बहीण गोदूबाई हिच्याशी लग्न केलं. ती लहानपणीच विधवा झालेली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. बायको गेल्यावर लग्न केलं म्हणून कर्व्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. विधवेशी केलं म्हणून मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. त्यांनी 'माझे पुराण' लिहिलं, म्हणून तिची बाजू आज आपल्याला तिच्या शब्दांत वाचता येते. त्या काळातल्या बहुतेक विधवांची येत नाही.

सुधारणा होत होत्या, पण त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. त्यात लग्नाला परवानगी होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जात असे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंत व्हायला जागा नव्हती. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला हयातीपुरता वाटा देणारा कायदा आला 1937 मध्ये. ती मालकी पूर्ण व्हायला 1956 उजाडलं.

1937 मध्येच पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी लावलेलं लग्न मानतच नाही. शेवटी तो नवरा पश्चात्तापानं स्वतःचं आयुष्य संपवतो, तिला मोकळं करायला. आपल्या सिनेमातली ही फार धीट नायिका. पण तिला सोडवायलाही नवऱ्याला मरावं लागलं. 'कुंकू' काय किंवा 'काकस्पर्श' काय, बाईला नवरा गेल्याचं दुःख आहे का आणि कसलं आहे, इथपर्यंत गोष्ट पोचतच नाही. डोकं, कुंकू, घर, अब्रू यांतच ती संपते. रडायची पाळी येईपर्यंत बाई आधी स्वतःला वाचवत असते.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं ब्राह्मण घरांचं. ते बरंचसं खरं आहे. केशवपन मुख्यतः तिथलं, आणि शेतकरी जातींमध्ये विधवेचा पाट लागत असे. पण मग मुळशीतल्या जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी 1980 च्या दशकापासून मावळ-मुळशीतल्या गरीब डोंगरी गावांत काम करता करता त्या जमवल्या. पुढे राज्यभरातून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या ध्वनिमुद्रित करायला आणि डेटाबेसमध्ये बसवायला मदत केली. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या मोबाईलवर ऐकता येतात, बायकांना गाताना बघताही येतं. त्यात अहेव मरणाच्या ओव्या आहेत. नवऱ्याआधी मरणं, हिरवं लुगडं नेसून, हळदीकुंकवानं मळवट भरून जाणं, हे भाग्य म्हणून गायलेलं आहे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते भाबडं वाटलं. आता वाटतं, त्या बायकांना हिशोब पक्का कळला होता. मागे राहिलेल्या बाईचं काय होतं ते त्यांनी घराघरात बघितलेलं होतं. पाट लागला तरी पहिलीचा मान मिळत नसे. आणि हे बोलायचं कुठे, तर पहाटे, जात्यापाशी, समोर दुसरी बाई असताना. घाटावर पुरुष मेलेल्याची इच्छा ओळखत होते, तेव्हा जित्या बाईची इच्छा ऐकणारं जातंच होतं. गिरण्या आल्या आणि तीही जागा गेली. बायकांच्या हातांना आराम पडला, ते चांगलंच झालं. पण त्या जागी दुसरं काही आलं नाही.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. कोविडमध्ये तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्या पार्श्वभूमीवर. दोनच आठवड्यांत राज्य सरकारनं इतर गावांनाही हे करायला सांगितलं. ठराव मोलाचा आहे. काय करायचं नाही, ते त्यात नीट लिहिलंय. तिला काय हवंय हे विचारायचं काम मात्र ग्रामसभा करू शकत नाही, ते घरातल्यांचं.

म्हणून मी आजीला 'काकस्पर्श' लॅपटॉपवर लावून दिला. कावळ्याचा प्रसंग आला तेव्हा ती काही बोलली नाही. संपल्यावर मी विचारलं, आबांच्या दहाव्याला तुझ्या मनात काय होतं? ती बराच वेळ पदराचं टोक चिमटीत फिरवत राहिली. मग म्हणाली, "समदी जमिनीचं बोलत व्हती. मला त्यांचं बोलायचं व्हतं."

मी म्हटलं, बोल की आता.

ती त्या रात्री साडेबारापर्यंत बोलत होती. आबांना पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.