व्हिडिओ केबल, उच्च रिफ्रेश रेटच्या मॉनिटरची

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डातून मॉनिटरपर्यंत चित्रसंकेत नेणारी केबल. पडद्यावरचे चित्र सेकंदाला जितक्या वेळा नव्याने उमटते तो रिफ्रेश रेट. तो हर्ट्‌झमध्ये सांगतात. कार्यालयीन मॉनिटरवर तो बहुधा ६०, तर गेमिंग मॉनिटरवर १४४, १६५, २४० किंवा अधिक असतो.

क्षमतेचा हिशेब : आडवे बिंदू × उभे बिंदू × रिफ्रेश रेट × प्रत्येक बिंदूचे २४ बिट. २५६० × १४४० चित्राला १४४ हर्ट्‌झवर सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट लागतात. दोन चित्रांमधला रिकामा काळ धरता सुमारे १४. ३८४० × २१६० ला त्याच वेगाने ३० च्या आसपास.

प्रकार : व्हीजीए (१९८७), ॲनालॉग. डीव्हीआय (१९९९), ड्युअल-लिंक असल्यास १९२० × १०८० ला १४४ हर्ट्‌झ. एचडीएमआय (२००२) : चित्रासाठी प्रत्यक्ष उरणारी क्षमता आवृत्ती १.४ मध्ये सुमारे ८, २.० मध्ये १४.४, २.१ मध्ये सुमारे ४२ गिगाबिट. डिस्प्लेपोर्ट (२००६, व्हेसा या मानक संस्थेचे) : १.२ मध्ये १७.२८, १.४ मध्ये २५.९२, २.० मध्ये सुमारे ७७. डिस्प्लेपोर्ट १.४ वर ३८४० × २१६०, १४४ हर्ट्‌झ हवे असल्यास डीएससी हे संपीडन लागते. यूएसबी-सी : पोर्टमध्ये चित्रसंकेताची सोय असेल तरच.

निवड : कार्ड, केबल आणि मॉनिटर यांत जो दुवा कमी क्षमतेचा, तोच वेग ठरवतो. एकाच मॉनिटरवर डिस्प्लेपोर्ट १४४ देतो आणि शेजारचा एचडीएमआय पोर्ट त्याहून कमी, असेही आढळते. म्हणून माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टची मर्यादा वेगळी पाहावी. एचडीएमआय केबलवर आवृत्तीचा आकडा नव्हे, वर्गाचे नाव पाहावे. आवृत्ती २.१ च्या एकूण ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ आणि वेष्टनावर तपासून घेता येणारे लेबल हवे. सोनेरी मुलाम्याने चित्र सुधारते हा दावा डिजिटल संकेताला लागू पडत नाही. लांबी वाढली की तांब्याच्या केबलची भरवशाची मर्यादा घटते. जोडणीनंतर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दर स्वतः निवडावा. तो कधीकधी ६० वरच राहून जातो.

दोष : डिस्प्लेपोर्टची २० क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टची असते. प्रमाणित केबलमध्ये ती दोन्ही टोकांना जोडलेली नसते. काही स्वस्त केबलींत जोडलेली असते. मग मॉनिटरमधली वीज कार्डाकडे उलटी येते आणि संगणक सुरूच न होण्यासारखे बिघाड होतात. झगमगणे, क्षणभर काळा पडदा येणे ही अपुऱ्या केबलची नेहमीची लक्षणे.

सोलापूरचे उदाहरण : चादर व टॉवेल यांच्या जॅकार्ड नक्षीचे काम पूर्वी आलेखकागदावर आणि छिद्रपत्त्यांवर होई, आता ते संगणकावरही होते. आलेखातला एक चौकोन म्हणजे ताण्याच्या व बाण्याच्या धाग्यांची एक गाठभेट. हे चित्र स्थिर असल्याने नक्षीकाराला ६० हर्ट्‌झ पुरतात. मात्र व्हीजीए केबलवर मोठ्या रिझोल्यूशनला एका बिंदूच्या रेघा अंधुक होऊन शेजारच्या चौकोनात मिसळतात, म्हणून येथे वेगापेक्षा डिजिटल जोडणी महत्त्वाची.