जुनी जीप घाटात तापते? पंखा बसवण्याआधी वायरिंग बघा

माळशेज घाट असो की घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरचा चढ, जुनी जीप दोन ठिकाणी दगा देते. चढाला इंजिन तापतं आणि रात्री हेडलाइट मिणमिणतात. अशा वेळी अनेकजण थेट इलेक्ट्रिक पंखा बसवतात. पण जुन्या वायरींवर हा भार टाकला तर गाडी पेट घेऊ शकते.

आधी व्होल्टेज तपासा
महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळातील विलीजचं वायरिंग 6 व्होल्टचं होतं, नंतरच्या गाड्या 12 व्होल्टच्या आल्या. आपली गाडी कोणती, हे पाहूनच सामान घ्या.

वायरिंग कसं असावं?
काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. 60/55 वॉटचे दोन हॅलोजन बल्ब 12 व्होल्टवर जवळपास 10 अँपिअर करंट ओढतात. जुना स्विच आणि कडक झालेली वायर एवढ्याने गरम होते. म्हणून हेडलाइट आणि पंख्याला वेगवेगळा रिले व फ्यूज हवा. रिलेमुळे मोठा करंट स्विचमधून न जाता बॅटरीकडून थेट जातो. फ्यूज बॅटरीजवळ लावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी गुंडाळू नका. इंजिन आणि चेसिसची अर्थिंग घासून पक्की करा. डायनामो असेल तर तो पंख्याचा भार पेलेल का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल तर अल्टरनेटर बसवा.

गाडी का तापते?
चढाला इंजिनवर जोर पडतो, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार आत साचतो. आधी रेडिएटर साफ करून घ्या. फॅन बेल्ट, वॉटर पंप, होजपाइप आणि झाकणाचं रबर बघा. नुसत्या पाण्याऐवजी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट वापरा. थर्मोस्टॅट काढून टाकू नका, खराब असेल तर बदला. एवढं करूनही गाडी तापली, तरच जादा पंख्याचा विचार करा.

घाटात काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पाणी भरा.