बारामती व इंदापूर तालुक्यांतील आरोग्य मनुष्यबळाची टंचाई : कारणे व उपाय

प्रस्तावना : नीरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामती व इंदापूर तालुक्यांत बागायती शेती विस्तारली; मात्र प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी त्या प्रमाणात खेड्यांपर्यंत पोहोचले नाहीत. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती.

कारणे : पुढे सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष ठरला. केंद्राची इमारत अल्पकाळात उभी राहते. डॉक्टर तयार होण्यास साडेपाच वर्षे लागतात. वैद्यकीय शिक्षण पुण्यासारख्या शहरांत एकवटले. खाजगी व्यवसायातील प्राप्ती, ग्रामीण भागातील निवासाची गैरसोय व मुलांचे शिक्षण यांमुळे पदवीधर शहरांतच स्थिरावले.

उपाय : २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातीलच स्त्रीची ‘आशा’ म्हणून निवड केली. त्यामुळे निवासाचा प्रश्न उरला नाही. तथापि मोबदल्यावर काम करणारी आशा प्रशिक्षित परिचारिकेची जागा भरून काढू शकत नाही. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

निष्कर्ष : महाविद्यालयातील बहुतांश प्रवेश राज्यस्तरीय गुणवत्ता यादीतून होत असल्याने तेथील पदवीधर याच तालुक्यांत राहतील असे नाही. म्हणून इंदापूरसारख्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयांत प्रशिक्षण, स्थानिक मुलींसाठी परिचर्या शिक्षण, निवासस्थाने व नियमित पदभरती यांची जोड आवश्यक ठरते.