अंगावर काढलेली दुखणी : गडचिरोली ते कैरो

मागच्या व्याख्यानात आपण र. धों. कर्व्यांपाशी थांबलो होतो. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा, त्यापायी नोकरी गमावणारा आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवताना अश्लीलतेचे खटले अंगावर घेणारा हा माणूस. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, हेही आपण पाहिलं. मात्र कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. मग डॉक्टर मंडळी या लढ्यात कुठे होती? त्या प्रश्नाचा एक धागा आज आपण धरणार आहोत. तो गडचिरोलीतून निघतो आणि कैरोपर्यंत जातो.

आधी एक मराठी शब्दप्रयोग घेऊ : 'अंगावर काढणे'. ताप, खोकला आपण सगळेच अंगावर काढतो. पण 'अंगावरून जातं' म्हणणारी बाई ते दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढते. ती दवाखान्यात जात नाही, म्हणून दवाखान्याच्या रजिस्टरात तिची नोंद नसते. नोंद नाही म्हणून सरकारी योजनेत त्या दुखण्याला जागा नसते. १९८० च्या दशकापर्यंत भारतातच काय, बहुतेक विकसनशील देशांत हीच तऱ्हा होती.

तसं पाहिलं तर सरकार बाईच्या दारात पोचलेलं होतं. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम घेणारा भारत हा पहिला देश. पण या कार्यक्रमाला हळूहळू आकड्यांची चटक लागली. १९७१ च्या जुलैत केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात महिन्याभरात ६३ हजारांवर पुरुष नसबंद्या झाल्या आणि त्याचं देशभर कौतुक झालं. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागली, आणि नंतरच्या राज्यकर्त्यांनी पुरुषांच्या वाट्याला जाणंच सोडून दिलं. कार्यक्रम चालू राहिला, फक्त त्याचा मोर्चा बायकांकडे वळला. आता घरी येणारी नर्सबाई दोनच गोष्टी विचारायची : तांबी बसवतेस का, ऑपरेशनला केव्हा येतेस? बाई गरोदर असली तर आणखी एक-दोन प्रश्न. बाकी काही दुखतंखुपतं का, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

या पार्श्वभूमीवर डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले. चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळा झालेला, जंगलाचा, आदिवासीबहुल जिल्हा. नागपूरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्यांनी इथे 'सर्च' ही संस्था काढली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्यापुढे एक सोपा वाटणारा प्रश्न होता : गावातल्या सगळ्या बायका तपासल्या, नुसत्या दवाखान्यात येणाऱ्या नव्हेत, तर काय दिसेल?

सोपा वाटणारा, असं आम्ही मुद्दाम म्हणतो. खेड्यातल्या बाईने, काहीही तक्रार नसताना, आतून तपासून घ्यायला तयार व्हायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. त्यासाठी आधी गावाचा विश्वास लागतो, तपासणारी बाई डॉक्टर लागते आणि बायकांची भाषा समजणारे कान लागतात. 'पांढरं जाणं', 'अंग बाहेर येणं' हे शब्द वैद्यकीय पुस्तकात नसतात. राणीताईंनी पुढे या बायकांचं शरीराविषयीचं बोलणं 'कानोसा' या पुस्तकात मांडलं. नाव फार नेमकं आहे. कानोसा घ्यावा लागतो तो दाराआडच्या आवाजाचा.

वसा आणि अमिर्झा अशा दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी झाली. मुलाखत, तपासणी, प्रयोगशाळेतल्या चाचण्या, सगळं रीतसर. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी होता. सरासरी काढली तर एकेका बाईला ३.६ आजार. त्यात निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा.

हा ९२ चा आकडा सगळीकडे गाजला. पण आमच्या मते त्याच लेखातले दुसरे दोन आकडे जास्त बोलके आहेत. तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्केच होत्या. म्हणजे उरलेल्यांपैकी बहुतेकींना आजार असूनही त्यांनी काही होतंय असं सांगितलं नव्हतं. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जो कार्यक्रम याच बायकांच्या मागे ऑपरेशनसाठी लागला होता, त्याच्या काळातली ही गोष्ट! पाहणीत एक अडचणीचा मुद्दाही निघाला : बायकांनी वापरायच्या गर्भनिरोधक पद्धती आणि हे आजार यांचा काही संबंध दिसला. मात्र त्यातून आजारांचा थोडाच भाग समजावता येतो, हेही लेखकांनी स्पष्ट लिहिलं. घोषणा द्यायला सोपं पडेल असं त्यांनी काही ठेवलं नाही. मागणी एकच होती : खेड्यातल्या प्राथमिक आरोग्यसेवेतच स्त्रीरोगांची सेवा असली पाहिजे.

हा लेख योग्य वेळी आला. जगभरातल्या स्त्री-आरोग्याच्या चळवळी तेव्हा लोकसंख्येच्या धोरणांवर प्रश्न विचारत होत्या, पण 'बायकांना त्रास होतो' याला पुरावा काय, असं त्यांना ऐकवलं जाई. आता पुरावा मिळाला. १९९१ मध्ये रूथ डिक्सन-म्युलर आणि डॉ. ज्युडिथ वॉसरहाइट यांनी तिसऱ्या जगातल्या या आजारांवर अहवाल लिहिला, त्याच्या शीर्षकातच मौनाच्या संस्कृतीचा उल्लेख होता. इजिप्तमध्ये हिंद खत्ताब, हुदा झुरायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिझा भागातल्या दोन खेड्यांत ५०९ बायकांची अशीच पाहणी केली. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिथे निम्म्याहून जास्त बायकांना जंतुसंसर्ग होता, निम्म्याहून जास्त जणींचं अंग खाली आलेलं होतं. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. सोसणं मात्र तेच.

आणि गिझा म्हणजे कैरोच्या शेजारीच. त्याच कैरोत सप्टेंबर १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली. १७९ देश हजर होते. परिषदेच्या महासचिव होत्या डॉ. नफीस सादिक. जन्म आपल्याकडच्या जौनपूरचा, वैद्यकीय शिक्षण कराचीत, पेशाने प्रसूतितज्ज्ञ. गर्भपाताच्या मुद्द्यावर व्हॅटिकनने परिषद हलवून सोडली, वर्तमानपत्रांत तेच गाजलं. पण खरा बदल दुसरीकडे झाला. लोकसंख्येचे आकडे गाठायचे म्हणून बाईचं शरीर वापरायचं नाही; मूल हवं की नको, केव्हा, किती, हे ठरवायचा हक्क तिचा, आणि त्यासाठी लागणारी आरोग्यसेवा हाही तिचा हक्क, हे देशांनी लेखी मान्य केलं. याचं श्रेय एकट्या गडचिरोलीला देणं अतिशयोक्तीचं होईल. अनेक चळवळींची ती कमाई होती. पण त्या चळवळींच्या हातात आकडे दिले ते अशा डॉक्टरांनी आणि संशोधकांनी.

भारताने एप्रिल १९९६ पासून पद्धतवार उद्दिष्टं काढून टाकली. कागदावर तरी. कारण नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या आणि लगतच्या शिबिरांनंतर दहाहून अधिक बायका दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि संमतिपत्र बाईला समजेल अशा भाषेत द्या. कैरोला तोवर बावीस वर्षं झाली होती.

आता एक शंका, जी या विषयावर हमखास निघते : ९२ टक्के हा आकडा सगळीकडे लागू आहे का? नाही. ती दोन गावांची पाहणी होती, आणि आजाराची व्याख्या कशी करता, चाचण्या कुठल्या लावता यावर आकडा बदलतो. नंतरच्या अनेक पाहण्यांत तो कमी आला. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांच्या चाचण्या केल्या, २००६ साली ते काम प्रसिद्ध झालं. तिथे जंतुसंसर्ग २८ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार फारच थोडे. पण 'पांढरं जातं' ही तक्रार मात्र कितीतरी जणींची होती. तिचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरात होणाऱ्या जाचाशी जास्त दिसलं. सरकारी दवाखान्यांत त्या काळी पद्धत अशी की बाईने ही तक्रार सांगितली की तपासणीशिवायच जंतुनाशक गोळ्या लिहून द्यायच्या. त्या गोळ्या घेऊन ती परत त्याच घरी जायची.