अलादीनच्या गाण्यातल्या दोन ओळी

मुलांच्या सिनेमातल्या गाण्याचे शब्द बदलावेत का, असा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो "सेन्सॉरशिप मुर्दाबाद", दुसरा म्हणतो "कोवळ्या मनांवर परिणाम होतो". मला अशा वेळी डिस्नेचा 'अलादीन' आठवतो.

सिनेमा १९९२ चा. सुरुवातीलाच उंटावर बसलेला एक फेरीवाला गाण्यातून आपल्या मुलखाची ओळख करून देतो. तिथे क्षुल्लक कारणावरून माणसाचे कान छाटतात, असं हसतहसत सांगतो आणि वर मुलखाला रानटी हे विशेषणही लावतो. गाणं हॉवर्ड अ‍ॅशमन यांचं. ते मार्च १९९१ मध्येच वारले होते.

गंमत म्हणजे ही गोष्ट 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. अठराव्या शतकात आंत्वान गालां या फ्रेंच लेखकाने ती घातली. त्याला ती सांगितली अलेप्पोच्या हन्ना दियाबने, आणि गोष्ट घडते चीनमध्ये! डिस्नेने आधी बगदाद ठरवलं होतं. पण १९९१ चं आखाती युद्ध झालं आणि बगदादचं 'अग्राबा' झालं. म्हणजे शहराचं नाव बदलण्याचं भान होतं, ओळींचं नव्हतं.

युद्ध ताजं असताना अमेरिकेतल्या एखाद्या अरब पोराला वर्गात या गाण्यावरून काय ऐकावं लागलं असेल, कल्पना करा. अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटीने तक्रार केली. १९९३ च्या व्हिडिओ कॅसेटमध्ये कान छाटण्याच्या ओळी गेल्या, त्याजागी सपाट वाळवंट आणि कडक ऊन आलं. 'रानटी' मात्र तसंच राहिलं. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात झोडपलं, तरी राहिलं. तो शब्द गेला थेट २०१९ च्या नव्या सिनेमात. एका विशेषणाला २६ वर्षं!

आमच्या भाषेत सांगायचं तर बग जेवढा रिपोर्ट झाला तेवढाच फिक्स केला, डिझाइनला हात लावला नाही. कारण त्याच सिनेमात, भुकेल्या मुलाला सफरचंद दिलं म्हणून जास्मिनचा हात तोडायला निघालेला दुकानदार आहेच की.

आता ही सेन्सॉरशिप झाली का? मला नाही वाटत. आपल्याकडे सेन्सॉर म्हटलं की सरकारी कात्री आठवते. इथे सरकार कुठेच नव्हतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली, मालकाने माल बदलला.

माझी कसोटी साधी आहे. खलनायक दुष्टपणा गात असेल तर खुशाल गाऊ द्या, तो दुष्ट आहे हे पोरांना कळतं. पण गोष्टीतलाच एक गमत्या माणूस अख्ख्या समाजाला रानटी ठरवतो आणि पुढे कोणी ते खोडून काढत नाही, तेव्हा पोरं ते माहिती म्हणून घेतात. अशी ओळ बदलावी.

फक्त गुपचूप बदलू नये. जुनी आवृत्ती मोठ्यांसाठी, सूचनेसकट, उपलब्ध असावी. ऑक्टोबर २०२० मध्ये डिस्ने प्लसने 'डम्बो' आणि 'पीटर पॅन'बाबत साधारण हेच केलं: सिनेमे ठेवले, आणि यात काही समाजांचं चुकीचं चित्रण आहे अशी ठळक सूचना आधी लावली. पुसून टाकलं तर चूक झाली होती हेच पुढच्या पिढीला कळणार नाही.

असो. तुमची कसोटी काय?