अतिदक्षतेनंतरचा जिना

पुण्याच्या पेठांत वयाने वडील ती कसबा पेठ. ग्रामदैवत गणपतीचे देवालय, तांबट आळी, कुंभारवाडा आणि भोवतीचे जुने वाडे असा तिचा पसारा. या वाड्यांतील लाकडी जिने अरुंद आणि उभे; कित्येक ठिकाणी वरून सोडलेला दोर धरूनच चढावयाचे. तरुणाच्या जो ध्यानातही येत नाही, तोच जिना मोठ्या आजारातून उठलेल्या वृद्धाच्या जगाची सीमा ठरतो. अतिदक्षता विभागाच्या इतिहासात मात्र या जिन्याचा विचार फार उशिरा झाला.

त्या विभागाचे मूळ १९५२ सालच्या कोपनहेगन शहरात. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी बसवून, हाताने पिशवी दाबून श्वास चालू ठेवण्याची रीत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घालून दिली. यंत्रे अपुरी, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले. रोगी बहुतांशी मुले व तरुण होते आणि हिशेब एकच, रोगी वाचला की नाही! मृत्यूशी अशी झुंज चालू असता दुसरा हिशेब कोणास सुचावा?

पुढे तीच साधने साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या वाट्यास आली आणि प्रश्न पालटला. बरे होऊन घरी गेलेल्यांच्या देहाची, मनाची व बुद्धीची दुर्बलता ही एक स्वतंत्र व्याधी मानून तिला नाव देण्यात आले ते २०१२ साली, म्हणजे इब्सेननंतर तब्बल साठ वर्षांनी. पुढच्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखविले की, अत्यवस्थ रोग्याच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सरासरीने सहाव्या हिश्श्याहून अधिक झिजतो. वृद्धापाशी मुळातच शिल्लक थोडी. त्यात गुंगीची औषधे आणि दिवसरात्रीचा विसर. कित्येकांस भ्रम होतो व स्मरण महिनोन्‌महिने मंद राहते.

२०२० च्या कोरोनाच्या साथीत हा प्रश्न पेठांच्या दाराशी आला. एप्रिलमध्ये शहराचा मध्यभाग बंदिस्त झाला. ऑगस्टात नदीपलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारले गेले, त्यांतील २०० खाटा अतिदक्षतेच्या. परंतु घरी परतल्यावर वृद्धाचे काय झाले, हे खाटांच्या आकड्यात कसे यावे? माडीवर बिऱ्हाड असेल तर त्यास खुर्चीत बसवून वर न्यावयाचे आणि मग वरच ठेवावयाचे, हा मार्ग मायेचा दिसतो, घातक तोच. निजून राहिल्याने उरलेसुरले बळही जाते. खालच्या ओसरीवर खाट टाकावी, चष्मा व घड्याळ दृष्टीसमोर असावे, जेवणात वरण-दूध भरपूर असावे, आणि वैद्याच्या सल्ल्याने, कोणीतरी सोबत असता, पावलांची संख्या वाढवीत न्यावी. आज उंबऱ्यापर्यंत, पुढे चौकापर्यंत, आणि एखाद्या चतुर्थीस स्वतःच्या पायांनी गणपतीपर्यंत.

आता वाडे पडून त्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती उठत आहेत. जिन्याचा जाच त्यामुळे टळतो खरा. मात्र जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलत वृद्धाने बसावे असा रस्त्यालगतचा ओटाही वाड्याबरोबरच गेला.