इतकी वर्षं चाललं, मग आजच काय झालं?

आई वीस वर्षे चिकटवायची टिकली लावत होती. एका उन्हाळ्यात त्याच जागी खाज सुटली, कपाळ लाल झाले. डॉक्टरांनी टिकलीच्या डिंकाची ॲलर्जी सांगितली. आईने विचारले, "इतकी वर्षं चाललं, मग आजच काय झालं?" विज्ञानाची पदवी नसलेला मी तेव्हापासून या प्रश्नाच्या मागे आहे.

या प्रश्नाचा माग बर्लिनला पोहोचतो. १८६८ साली पॉल लँगरहान्स या विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाची त्वचा गोल्ड क्लोराइडने रंगवली. वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. आकारावरून त्याने त्या मज्जासंस्थेच्या मानल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली पेशींची बेटे नोंदवली. पुढे क्षयामुळे मदेरा बेटावर राहायला गेलेला हा संशोधक १८८८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी वारला. त्वचेतल्या पेशींचे काम काय, हे त्याला कळलेच नाही.

नंतर कित्येकांनी त्यांना झिजलेल्या रंगपेशी ठरवले. १९६१ मध्ये बर्बेक आणि सहकाऱ्यांनी कोड असलेली त्वचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रंगपेशी नव्हत्या, या मात्र होत्या. शिवाय त्यांच्यात वेगळेच कण होते. १९७३ मध्ये इंगा सिल्बरबर्ग यांना पाऱ्याच्या ॲलर्जीत पांढऱ्या पेशी त्यांना बिलगलेल्या दिसल्या. १९८५ मध्ये शुलर आणि स्टाइनमन यांनी उंदराच्या त्वचेतून त्या काढून दोन-तीन दिवस वाढवल्या. ताज्या असताना त्या टी पेशींना फारसे चेतवत नव्हत्या. आता जोरात चेतवू लागल्या.

म्हणजे पेशीची जाग टप्प्याटप्प्याने येते. त्वचेतल्या प्रथिनाला चिकटलेले परके रसायन ती उचलते, शेजाऱ्यांपासून सुटते, लसिकाग्रंथीत जाते आणि तो पुरावा टी पेशींपुढे मांडते. तयार झालेल्या टी पेशी पुढच्या स्पर्शाची वाट पाहतात. पहिली तयारी मुकाट असते. पुरळ नंतर उठते.

पण २००५ मध्ये एका प्रयोगात या पेशी नसलेल्या उंदरांना ॲलर्जी झालीच, उलट जास्त झाली. म्हणजे खालच्या थरातले पहारेकरीही खबर देतात, आणि लँगरहान्सच्या पेशी कधी संयमही शिकवतात.

आईला मी एवढेच सांगितले, "कातडीला आज कळलं नाही, कधीतरी आधीच कळलं होतं." ती हसली. आता तिच्या कपाळावर टिकली नसते. आरशापाशी बोट मात्र अजून तिथेच जाते.